बर्फावरील चोरी व तिचा बंदोबस्त

देवळांत जातांना वाहणा बाहेर काढून ठेवाव्या लागतात आणि मग अर्धें लक्ष देवाकडे व अर्धें वाहणांकडे लागून राहतें, हा अनुभव महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचा आहे. जो अनुभवी असतो तो एक वहाण एका खांबाशीं व दुसरी समोरच्या पायरीशीं ठेवतो. कारण एकाच पायाची वहाण सहसा कोणी नेत नाहीं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया किंवा फ्रान्स या देशांतील आल्प्स पर्वतावर हिवाळ्यांत एखाद्या उपाहारगृहाच्या दाराशीं दुपारीं बाराच्या सुमारास जो कोणी उभा राहील, त्याच्या दृष्टीस नेमका हाच प्रकार पडेल. फरक इतकाच कीं, तेथें वाहणांच्या जागीं माणसाच्या उंचीच्या लांबट पट्ट्या असतात, आणि त्यांच्या एका चांगल्या नव्या जोडीला पांचसातशें युरो सहज पडतात. या पट्ट्यांनाच स्की असें म्हणतात. त्यांच्या चोरीचा प्रश्न वरवर पाहतां परक्या देशांतील श्रीमंतांच्या करमणुकीचा दिसतो. परंतु आतां तो मराठी घरांपासून फारसा दूर राहिलेला नाहीं. अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड या देशांत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलें शाळेच्या सोबत्यांबरोबर बर्फावर जातात, आणि पुण्यामुंबईची हौशी मंडळीहि काश्मीरांतील गुलमर्ग येथें जाऊन भाड्याच्या स्की पायांत अडकवतात.

ज्यांचा बर्फाशीं संबंध सरबताच्या पेल्यापुरताच आला असेल, त्यांच्यासाठीं या साधनाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. स्की हा शब्द मूळचा उत्तर युरोपांतील असून लांकूड चिरून काढलेली फळी असा त्याचा जुना अर्थ आहे. नॉर्वेच्या लोकांच्या तोंडीं त्याचा उच्चार ‘शी’ असा होतो. तो ऐकून मराठी माणसास हंसूं येईल, पण घराघरांतून मुलांना चालावयास शिकवितांच स्की शिकविणाऱ्या त्या लोकांना त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत नॉर्वेमधील टेलेमार्क प्रांतांतल्या सोन्द्रे नोर्हैम (१८२५–१८९७) नांवाच्या एका गरीब कुळानें पायाच्या टांचेमागूनहि स्की घट्ट बांधण्याची युक्ति रूढ केली, आणि उतारावर वेगानें वळणें घेणें शक्य झालें. त्या काळच्या जोड्या हातानें तासलेल्या असत; आणि हातानें तासलेल्या दोन जोड्या हुबेहूब सारख्या कधींच होत नाहींत. पुढें १९५० सालीं, विमानांच्या कारखान्यांत काम केलेल्या हॉवर्ड हेड या अमेरिकन गृहस्थानें धातूचे पत्रे व लांकूड यांच्या थरांची स्की तयार करण्याचा कारखाना काढला. आज कारखान्यांतून एकाच नमुन्याच्या, एकाच रंगाच्या हजारों जोड्या बाहेर पडतात. चोरी व अदलाबदल या दोन्ही गोष्टींचें एक मूळ या सारखेपणांत आहे.

स्कीवर जो झडपेसारखा सांचा बसविलेला असतो त्यास बाइंडिंग म्हणतात. पायांतील टणक प्लॅस्टिकचा बूट त्यांत पुढून बोटांपाशीं व मागून टांचेपाशीं अडकतो, आणि मनुष्य पडला म्हणजे विशिष्ट जोर येतांच तो सुटतो. बूट काढण्याघालण्यास त्रासाचा असल्यामुळें दिवसभर पायांतच राहतो. स्की मात्र उपाहारगृहांत नेऊं देत नाहींत. तीन फुटांच्या वाटेंतून सहा फुटांच्या पट्ट्या खांद्यावर घेऊन लोक हिंडूं लागले तर जेवणाऱ्यांच्या ताटांची काय अवस्था होईल हें सांगावयास नको. म्हणून मौल्यवान वस्तु बाहेर आणि तिचा धनी आंत, अशी स्थिति दररोज किमान एक तास तरी हटकून येते.

चोराच्या सोईच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास अशी जागा जगांत दुसरी मिळणें कठीण. इतर ठिकाणीं चोरलेली वस्तु लपवावी लागते. येथें खांद्यावर स्की घेऊन चाललेला इसम हाच सर्वांत निरुपद्रवी दिसतो. इतरत्र तोंड झांकून फिरणाऱ्याकडे लोक संशयानें पाहतात. येथें प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि नाकातोंडावर लोकरी पट्टी असते. पळून जाण्यासाठीं चोराला गाडीची जरूर नसते. चोरीचा माल हेंच त्याचें वाहन! तो बूट अडकवून उतारावरून निघाला कीं, मालकाच्या पुढ्यांतील सूप निवण्यापूर्वीं तो दरीच्या तळाशीं पोंचलेला असतो. शिवाय अशा गांवांतील वस्ती आठवड्याआठवड्यानें बदलते. आज शेजारीं बसलेला मनुष्य परवां आपल्या देशीं गेलेला असतो, त्यामुळें साक्षीदार शोधावा तरी कोठें?

तथापि जी जोडी जागेवर नाहीं ती चोरीलाच गेली असें समजणें बरोबर होणार नाहीं. पुष्कळदां ती दुसऱ्याच्या पायांत चुकून गेलेली असते. भाड्यानें स्की देणारीं दुकानें एकाच नमुन्याच्या जोड्या शेकड्यांनीं ठेवतात. त्यांचा रंग एक, चित्र एक, दुकानाची चिठ्ठीहि एकच; भेद असतो तो केवळ चिठ्ठीवरील बारीक आंकड्यांत. पहिल्याच दिवशीं भाड्यानें घेतलेली जोडी कोणती हें नवख्या माणसाला आठवत नाहीं आणि तो हाताला येईल ती उचलतो. अशी अदलाबदल झाली असेल तर दिवस मावळतां गर्दी ओसरल्यावर त्या फळीशीं तशीच दिसणारी एक बेवारशी जोडी शिल्लक राहते. म्हणून आपली जोडी दिसली नाहीं तर आधीं सर्व रांगा शांतपणें पाहाव्या, आणि सारखी दिसणारी जोडी शेजारीं उभी असेल तर तिच्यावरील आंकडे वाचावे. आपली गेली म्हणून दुसऱ्याची घेणें हा मात्र फार घातक न्याय आहे.

घातक हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा. बाइंडिंगचा जोर प्रत्येक माणसाचें वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरविलेला असतो, व तो त्यावरील लहानशा खिडकींत आंकड्यानें दाखविलेला असतो. हलक्या अंगाच्या मुलाला एक किंवा दोन हा आंकडा पुरतो. वजनदार व तरबेज माणसाला आठ-दहापर्यंतहि लागतो. नवशिक्या स्त्रीनें एखाद्या धिप्पाड खेळाडूची जोडी चुकून घातली, तर पडल्यावर ती सुटणार नाहीं आणि गुडघा पिरगळेल किंवा नडगीचें हाड मोडेल. उलट खेळाडूच्या पायांतली सैल जोडी भर वेगांत सुटेल. भाड्याच्या दुकानांतील बाइंडिंगें वेगवेगळ्या मापांच्या बुटांना चटकन बसतील अशीं सरकतीं असतात, म्हणून बूट त्यांत अडकला एवढ्यावरून जोडी आपली असें मानूं नये. पैशाच्या नुकसानीपेक्षां हा धोका मोठा असून त्याची चर्चा मात्र कमी होते.

आतां बंदोबस्ताचे उपाय. पहिला उपाय बिनखर्चाचा, म्हणजे जोडी फोडण्याचा. एक स्की इमारतीच्या या टोंकाला व दुसरी त्या टोंकाला ठेवावी. त्याहूनहि बरी युक्ति म्हणजे सोबत्याची एक व आपली एक अशा विजोड पट्ट्या एकत्र उभ्या करणें. घाईनें उचलणाऱ्याला दोन निराळ्या रंगांच्या स्की मिळाल्या तर तो त्या टाकून पुढच्या जोडीकडे वळतो, आणि चुकून उचलणाराहि तेथेंच सावध होतो. सोबती नसेल त्यानें दोन ठिकाणें तेवढीं लक्षांत ठेवावीं. नाहींतर पोटभर जेवण झाल्यावर स्वतःचीच दुसरी स्की शोधण्यांत अर्धा तास जातो, आणि पाहणाऱ्यांना त्याचीच शंका येऊं लागते. ज्याला पुरेसा वेळ आहे असा चोर दोन्ही पट्ट्या हुडकून काढूं शकेल हें खरें. परंतु हुडकीत फिरणें म्हणजे लोकांच्या नजरेंत भरणें, आणि तेंच त्याला नको असतें.

स्नोबोर्ड वापरणाऱ्यांना हा उपाय उपलब्ध नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत शर्मन पॉपेन या गृहस्थानें आपल्या मुलींसाठीं दोन स्की एकत्र जोडून एक खेळणें केलें, त्यांतून पुढें हा एकफळी प्रकार वाढला. एकच फळी असल्यामुळें ती फोडतां येत नाहीं. आणि तिच्यावरील पट्ट्यांचें बाइंडिंग निरनिराळ्या मापांच्या बुटांना चालत असल्यानें चोराला ती लगेच वापरतां येते. तेव्हां स्नोबोर्ड बाळगणाऱ्यानें कुलूप हें चैनीचें न समजतां आवश्यक साधनांत गणावें.

कुलूप म्हणजे येथें मुठींत मावणारी एक डबी असते. तिच्यांतून बारीक पोलादी तार ओढून काढावयाची आणि टोंक पुन्हां डबींत अडकवून आंकडे फिरवावयाचे. ही तार कशी घालावी हें पुष्कळांना ठाऊक नसतें. स्कीच्या टोंकाशीं गुंडाळलेली तार वर सरकवून सहज निघते. ती बाइंडिंगच्या पुढच्या व मागच्या भागांच्या मधून दोन्ही स्कींभोवतीं घेतली, तर वरखालीं कोठेंहि सरकत नाहीं. मग तिचा वेढा जमिनींत पक्क्या रोवलेल्या दांड्याला द्यावा आणि काठ्यांच्या मुठीचे पट्टेहि त्यांतच ओंवावे. ज्या लाकडी घोडीला स्की टेकवल्या आहेत तिचा आडवा दांडा नुसता वर उचलून निघत असेल, तर त्याला घातलेलें कुलूप आणि दाराला लावलेलें तोरण यांची किंमत सारखीच. तसेंच अशा कुलुपाकडून फार मोठी अपेक्षाहि करूं नये. बारीक तार चांगल्या पकडीनें तुटते. तीन चाकांच्या कुलुपांत ००० पासून ९९९ पर्यंत एकंदर १००० आंकडे होतात. सेकंदाला एक याप्रमाणें ते सारे फिरवून पाहण्यास सतरा मिनिटेंहि लागत नाहींत, आणि बहुधा निम्म्या वेळांतच योग्य आंकडा सांपडतो. तरीहि कुलुपाचा उपयोग आहे. गजबजलेल्या दारांत कोणी दहा मिनिटें वांकून कुलुपाशीं खटपट करीत बसत नाहीं. शेजारीं बिनकुलपी जोडी असतां तर नाहींच नाहीं. शेजाऱ्याच्या दृष्टीनें हें समाधानकारक नाहीं हें उघड आहे.

रात्रींचा बंदोबस्त याहून निराळा. आल्प्समधील बहुतेक हॉटेलांत तळमजल्यावर स्की ठेवण्याची स्वतंत्र खोली असते व तेथें बूट वाळविण्याची व्यवस्था असते. रज्जुमार्गाच्या तळच्या ठाण्यांतहि कुलपाच्या कपाटांची सोय भाड्यानें मिळते. अमेरिकेंतील अनेक क्रीडास्थानीं पहारेकरी ठेवून, नंबराचा बिल्ला देऊन स्की सांभाळल्या जातात, आणि कांहीं ठिकाणीं तर ही सोय फुकट असते. आपल्याकडे मोठ्या देवस्थानीं वाहणा सांभाळणारा जसा असतो तसाच हा प्रकार. जेथें तो आहे तेथें त्याचा उपयोग न करणें याला आळसाशिवाय दुसरें नांव नाहीं. हॉटेलच्या खोलीचा दरवाजा नुसता लोटलेला राहतो कीं खरोखर बंद होतो हें पहिल्याच दिवशीं पाहून घ्यावें. पन्नास पाहुण्यांपाशीं ज्या खोलीची किल्ली आहे ती खोली म्हणजे तिजोरी नव्हे. तेथेंहि आपलें कुलूप लावावें. गाडीच्या टपावर उघड्या स्की रात्रभर ठेवणें तर सर्वथा वर्ज्य. गांवांतील बसगाड्यांच्या मागें स्की खोंचण्यासाठीं बाहेरून टोपल्या लावलेल्या असतात, त्या बाबतींत शक्य तर मागच्या खिडकीजवळ उभें राहावें व प्रत्येक थांब्यावर नजर ठेवावी.

वस्तु आपली आहे हें सिद्ध करतां येणें हाहि बंदोबस्ताचाच भाग आहे. बहुतेक कारखाने प्रत्येक जोडीवर अनुक्रमांक कोरतात. तो कडेच्या बाजूस किंवा वरच्या पृष्ठावर बारीक अक्षरांत असतो. नवी जोडी घेतल्याबरोबर तो टिपून ठेवावा, मोबाईलनें त्याचें व संपूर्ण जोडीचें छायाचित्र घ्यावें आणि खरेदीची पावती त्याबरोबर ठेवावी. भाड्याच्या जोडीचेंहि छायाचित्र दुकानाच्या दारांतच घ्यावें. शिवाय एखादा ठसठशीत रंगाचा पट्टा अशा जागीं चिकटवावा कीं तो दहा पावलांवरून ओळखूं यावा. कांहीं शौकीन लोकांना सुंदर स्कीवर असा पट्टा कुरूप वाटतो. परंतु विकावयास काढलेल्या मालावर ओळखीची खूण असणें चोरालाहि कुरूपच वाटतें.

ॲपल कंपनीनें २०२१ सालीं काढलेला एअरटॅग व त्या जातीचीं इतर लहान यंत्रें यांचा उपयोगहि आतां पुष्कळजण करतात. हें यंत्र जवळून जाणाऱ्या मोबाईलच्या द्वारा आपला ठावठिकाणा कळवितें. म्हणजे आसपास कोणाचा मोबाईलच नसेल तर तें मुकें राहतें. कडाक्याच्या थंडींत त्याची बॅटरी क्षीण होते, आणि परकें यंत्र आपल्याबरोबर फिरत असल्याची सूचना चोराच्या फोनलाहि मिळण्याचा संभव असतो. बाइंडिंगच्या खालीं पोकळी असेल तर तेथें तें बसवितात. सामानाच्या लांब पिशवींत ठेवल्यास विमानप्रवासांत तें अधिक उपयोगी पडतें. ठिकाण कळलें तरी स्वतः त्या दारावर जाऊन थडकूं नये. तें काम पोलिसांचें आहे.

एवढें करूनहि डोंगरावर असतां जोडी गेलीच, तर पहिला प्रश्न पैशाचा नसून खालीं कसें जावयाचें हा आहे. पायांत न वांकणारे बूट, बाहेर शून्याखालीं गेलेली थंडी, आणि हिवाळ्यांत लवकर पडणारा अंधार. अशा वेळीं रागाच्या भरांत उतारावरून पायीं चालूं लागणारे लोक असतात. त्यांना एक गोष्ट माहीत नसते. सायंकाळीं उतार बंद झाल्यावर बर्फ सारखें करणारीं अवजड यंत्रें फिरूं लागतात. उतार तीव्र असल्यास तें यंत्र वरच्या बाजूच्या एखाद्या भक्कम खुंटाला पोलादी दोरानें बांधलेलें असतें. या दोराची लांबी सुमारें १००० मीटरपर्यंत असूं शकते. तो बर्फांत पडलेला दिसत नाहीं, आणि यंत्राची ओढ बसतांच एकाएकीं ताणला जाऊन हवेंत उसळतो. त्याच्या तडाख्यानें माणसें मेलीं आहेत. म्हणून जोडी सांपडत नाहीं असें कळतांच शेवटचा पाळणा सुटण्यापूर्वीं रज्जुमार्गाच्या नोकरांना गांठावें. बंद पाळण्यांतून लोकांना खालीं नेण्याची सोय बहुतेक ठिकाणीं असते. उघड्या खुर्चीच्या मार्गावर तेथील नोकर सांगतील तसें करावें. जातांजातां उपाहारगृहांत आपलें नांव, फोन आणि जोडीचा आंकडा लिहून ठेवावा, म्हणजे चुकून नेणारा ती परत घेऊन आला तर त्याला मार्ग सांपडतो. दुसरे दिवशीं सकाळीं पुन्हां चौकशी करण्यास विसरूं नये.

खालीं आल्यावर त्याच दिवशीं पोलिसांत फिर्याद नोंदवावी आणि तिची लेखी प्रत घ्यावी. तिच्यावांचून विमा कंपनी दाद देत नाहीं. विम्याच्या बाबतींत एक मुद्दा बहुतेकांच्या ध्यानांत उशिरां येतो. जर्मनींतील घरसामानाचा विमा प्रवासांतहि कांहीं अंशीं लागू असतो. पण साधारणपणें तो घरफोडीपुरता. हॉटेलची कुलुपबंद खोली फोडून स्की नेल्या तर भरपाई मिळते, उपाहारगृहापुढून नुसत्या उचलून नेल्या तर मिळत नाहीं. स्वित्झर्लंडांत घराबाहेरील साध्या चोरीचा विमा हें निराळें कलम आहे व तें पॉलिसींत जादा घालून घ्यावें लागतें. वस्तु तीच, नुकसान तेंच. परंतु कुलूप मोडलें कीं नव्हतेंच, यावर सारा निकाल! भाड्याचीं दुकानेंहि थोडी अधिक रक्कम घेऊन मोडतोड व चोरी यांची जबाबदारी उचलतात. ती रक्कम भरण्यापूर्वीं चोरी हा शब्द करारांत खरोखर आहे कीं केवळ मोडतोड आहे, आणि चोरी झाल्यास गिऱ्हाइकास किती हिस्सा सोसावा लागतो, एवढें तरी वाचावें. रांगेंत मागें दहा माणसें खोळंबलीं आहेत म्हणून न वाचतां सही करण्याची रीत सर्व देशांत सारखीच दिसते.

हिंदुस्थानांत या खेळाचें जुनें ठाणें गुलमर्ग होय. तेथें ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं १९२७ सालीं स्की क्लब काढला. रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्यें व दुसरा २००५ मध्यें सुरू झाला. तो आफरवट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ ४००० मीटर उंचीपर्यंत नेतो. येथें येणारे बहुतेक देशी प्रवासी स्वतःची जोडी आणीत नाहींत, भाड्यानें घेतात, आणि ती वाहून देणारे मदतनीसहि मिळतात. त्यामुळें भाड्याच्या जोडीविषयीं वर जें सांगितलें तेंच येथें मुख्यतः लागू पडतें. दुकानांत जोडी घेतांना तिच्यावरील आधींच्या ओरखड्यांसह छायाचित्र काढावें, जोडी गहाळ झाल्यास किती रक्कम द्यावी लागेल तें आधींच लिहून घ्यावें, अनामत म्हणून पासपोर्टासारखा मूळ कागद न देतां रोख रक्कम चालते काय तें विचारावें, आणि चहाला बसतांना जोडी कोणाच्या हवालीं केली आहे तें त्या माणसाच्या समक्ष ठरवून घ्यावें.

राहिली गोष्ट जुना माल विकत घेणाऱ्यांची. चोरलेली जोडी चोर स्वतः वापरीत बसत नाहीं. ती दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या देशांत, हल्लीं बहुधा इंटरनेटवरील जाहिरातींतून विकली जाते. परदेशीं नवी नोकरी लागलेला मराठी तरुण पहिल्या हिवाळ्यांत स्वस्त जोडी शोधतो ती अशाच जाहिरातींत. त्यानें विकणाऱ्याजवळ दोन्ही स्कींच्या अनुक्रमांकांचीं छायाचित्रें मागावीं. जोडींतील दोन्ही पट्ट्यांवर बहुधा एकच आंकडा असतो. तो खरवडलेला असेल, दोहोंवर निरनिराळा असेल, किंवा विकणाऱ्याला बाइंडिंग कोणत्या मापाच्या बुटाला लावलेलें आहे हेंहि सांगतां येत नसेल, तर ती जोडी कितीहि स्वस्त असली तरी घेऊं नये. आणि सरळ मार्गानें घेतलेली जुनी जोडीहि दुकानांत नेऊन, बाइंडिंग आपल्या वजनाप्रमाणें व बुटाप्रमाणें लावून घेतल्याशिवाय पायांत घालूं नये.